उद्योगसंस्था व सामुदायिक आरोग्य : पिंपरी-चिंचवड परिसर

औद्योगिक कंपन्यांच्या उत्पन्नाचा काही भाग कामगारांच्या आणि कारखान्यांभोवतीच्या लोकवस्तीच्या आरोग्यरक्षणासाठी खर्च होण्याची प्रथा. विकसनशील देशांत शासकीय आरोग्ययंत्रणा लोकसंख्येच्या मानाने तोकडी पडते. त्यामुळे या प्रथेला तेथे विशेष महत्त्व आले आहे. तिचे वर्णन करताना बहुधा देणग्या, धर्मादाय रुग्णालये व फिरते दवाखाने यांचाच उल्लेख केला जातो. तथापि उद्योगाचा पैसा आरोग्यसेवेपर्यंत केवळ दानाच्या वाटेने जात नाही. वेतनाला जोडलेल्या विम्याच्या वर्गणीतून आणि स्थानिक करांतूनही तो जातो, आणि या दोन वाटा कमी दिसत असल्या, तरी बऱ्याच ठिकाणी त्याच अधिक रुंद ठरल्या आहेत. पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

भारतात या प्रथेची सुरुवात उद्योगपतींच्या न्यासांपासून झाली. सर रतन टाटा न्यास (१९१९) व सर दोराबजी टाटा न्यास (१९३२) यांनी शिक्षण, संशोधन व वैद्यकीय मदत यांवर खर्च केला. दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. ते १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. खाजगी पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेचा नित्याचा भार अखेर शासनाने उचलला, याचे हे ठळक उदाहरण होय. जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांच्यावर महात्मा गांधींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेचा प्रभाव होता. वर्ध्याच्या परिसरात त्यांनी दिलेले द्रव्यसाहाय्य त्या प्रभावातूनच आले. परदेशी उद्योगाचा पैसाही याच सुमारास देशात येऊ लागला. खनिज तेलाच्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते ती हीच संस्था. क्यासनूर अरण्यज्वराच्या विषाणूचा शोध (१९५७) हे तिचे गाजलेले काम. प्रतिष्ठानाने पुढे अंग काढून घेतले. संस्था मात्र शासनाच्या खर्चाने चालू राहिली.

पिंपरीचे नाव देशाच्या आरोग्याच्या इतिहासात मोटारी व स्कूटर यांच्या आधी आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलीन हे औषध परदेशांतून आणावे लागे आणि ते सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन केली व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील ही सार्वजनिक मालकीची पहिली कंपनी होय. युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मार्गदर्शन केले. माता व बालके यांना हे औषध सुलभ व्हावे, हा या मदतीमागील हेतू होता. येथे कंपनी आरोग्याच्या कार्यक्रमास पैसा देत नव्हती; कंपनी हाच आरोग्याचा कार्यक्रम होता. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन हे औषधही पुढे पिंपरीत तयार होऊ लागले, आणि हॅमायसीन व ऑरिओफंगिन ही कवकनाशके तेथील प्रयोगशाळेत शोधली गेली. कामगारांसाठी कारखान्यालगत वसाहत उभी राहिली. १९९० नंतरच्या खुल्या बाजारपेठेत स्वस्त आयात मालापुढे ही कंपनी टिकू शकली नाही व दीर्घकाळ तोट्यात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागवावी व नंतर कंपनी विक्रीस काढावी, असा निर्णय घेतला. देशाला पेनिसिलीन पुरविण्यासाठी उभारलेल्या कारखान्याचे मोल त्याच्याखालील जमिनीवरून ठरू लागले, ही गोष्ट आरोग्याच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्याने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या शिवारात कारखाने झपाट्याने वाढले. आकुर्डी येथे बजाज ऑटो, पिंपरी व चिंचवड येथे टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीजवळ अल्फा लाव्हल, सँडविक इ. कंपन्या आल्या. दापोडीसमोर पवना नदीच्या पलीकडे पिंपळे गुरव हे गाव आहे. येथे मोठे कारखाने आले नाहीत, कामगार आले. नदी ओलांडून कामावर जाता येते व भाडे परवडते, म्हणून शेतमळ्यांच्या जागी खोल्या व चाळी झाल्या, मग इमारती झाल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश व पुढे परप्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे राहू लागली. अशा गावाचे आरोग्य कोणाच्या जबाबदारीचे, हा प्रश्न या पट्ट्यात वारंवार उभा राहिला. कंपनीच्या दृष्टीने कामगार फाटकाच्या आत असेतो तिचा असतो. तो जेथे निजतो, तेथील पाणी, गटारे व डास हे फाटकाच्या बाहेरचे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर कायद्याने दिले. कामगार राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. मालक व कामगार या दोघांनी वेतनाच्या प्रमाणात वर्गणी भरावी आणि तीमधून कामगार व त्याचे कुटुंब यांस वैद्यकीय सेवा मिळावी, असे तिचे स्वरूप आहे. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३·२५ टक्के व कामगाराची ०·७५ टक्के आहे. चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालय या पट्ट्यातील विमाधारकांसाठी आहे. योजनेला वेतनाची कमाल मर्यादा असते. जानेवारी २०१७ मध्ये ती दरमहा २१,००० रु. करण्यात आली. त्यामुळे पगारवाढीचा करार झाला की कामगार योजनेबाहेर पडतो, असा विचित्र अनुभव मोठ्या कारखान्यांतून आला. खालच्या टोकाची अडचण अधिक गंभीर आहे. कंत्राटी कामगारही कायद्याने विम्यास पात्र असतो व त्याची वर्गणी भरण्याची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकावर असते. परंतु आजारपणाचा रोख लाभ मिळण्यास वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. काही महिन्यांनी ठेकेदार व कारखाना दोन्ही बदलणाऱ्या मजुराला ही अट गाठणे कठीण जाते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरील मजूर, हातगाडीवाले हे तर या योजनेच्या कक्षेत सहसा येतच नाहीत, आणि पिंपळे गुरवसारख्या वस्तीत त्यांची घरे विमाधारकाच्या भिंतीला भिंत लावून असतात.

दुसरे उत्तर जकातीने दिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली व ऑक्टोबर १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. कारखान्यात येणाऱ्या लोखंड, रबर, रंग, सुटे भाग अशा मालावर नाक्यांवर जकात घेतली जाई आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा तो सर्वांत मोठा भाग होता. या उत्पन्नामुळे ती देशातील श्रीमंत महापालिकांपैकी एक मानली जाई. संत तुकारामनगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चिंचवडचे तालेरा रुग्णालय, भोसरी व सांगवी येथील रुग्णालये, दवाखाने, लसीकरण, पाणीपुरवठा व मैलाशुद्धीकरण या सर्वांमागे हा पैसा होता. या रुग्णालयांच्या दारात रुग्ण कोणत्या कारखान्याचा, कायम की कंत्राटी, हे विचारले जात नाही. कंपन्यांच्या अहवालांत जकातीची नोंद खर्च म्हणून होई, समाजसेवा म्हणून नव्हे. तरीही सामुदायिक आरोग्यासाठी उद्योगांकडून या पट्ट्यात आलेल्या पैशांत जकातीचा वाटा दुर्लक्षिणे म्हणजे चित्राचा मोठा भाग झाकणे होय. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हा पैसा कंपनीचाही नव्हता. जकात वस्तूच्या किमतीत मिसळे, म्हणजे पिंपरीच्या रुग्णालयातील खाटेचा काही अंश दूरच्या प्रांतात स्कूटर विकत घेणाऱ्याने भरलेला असे.

एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे तोही संपला. त्याऐवजी राज्य शासन महापालिकेस दरमहा नुकसानभरपाई देते. कारखाना आणि शहराचा दवाखाना यांच्यामधील नाक्यावरचा सरळ दुवा त्यामुळे तुटला, हा बदल फारशी चर्चा न होता घडून आला.

स्वेच्छेने केलेले कामही या पट्ट्यात थोडे नाही. टाटा मोटर्सच्या कामगारांच्या कुटुंबांतील स्त्रियांची गृहिणी संस्था, कंपनीचा बालकांच्या कुपोषणावर भर देणारा ‘आरोग्य’ हा कार्यक्रम, बजाज समूहाची १९८७ मध्ये स्थापन झालेली जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्था ही त्याची परिचित उदाहरणे होत. बजाज संस्थेचे कार्यक्षेत्र पाहिले असता कारखाने जेथे आहेत, तो पुणे व औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) परिसर आणि बजाज घराण्याचा जेथे संबंध आहे, ते वर्धा व राजस्थानातील सीकर अशी ठिकाणे दिसतात. यात गैर काही नाही. दाता आपल्या ओळखीच्या भूमीकडे वळतो. मात्र रोगाचा नकाशा व दात्याच्या ओळखीचा नकाशा एकच असेल, असे नाही. शिवाय कारखाना हलतो. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि आकुर्डी येथील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्यानंतर फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ, महिंद्र इ. कंपन्या चाकणकडे आल्या. तेथील गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, आणि ते मुळात खेड तालुक्यातील शेतकरी लोकवस्ती गृहीत धरून आखलेले. त्यामुळे ज्या सेवा पिंपरीत जकातीतून उभ्या राहिल्या, त्यांच्या अभावाची उणीव चाकणमध्ये कंपन्यांच्या ऐच्छिक निधीतून भरून निघावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. रुग्णवाहिका, प्रसूतिकक्षाची उपकरणे, पिण्याच्या पाण्याची यंत्रे हे सर्व अशा निधीतून देता येते. परिचारिकेचा दरमहाचा पगार देणे अवघड असते. त्यावर फलक लावता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचा प्रकार याहून निराळा. चिंचवड येथील आदित्य बिर्ला स्मृती रुग्णालय (२००६) हे उद्योगसमूहाशी संबंधित न्यासाने उभारलेले मोठे रुग्णालय होय. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. कर व जमीन यांबाबत मिळालेल्या सवलतींचा हा मोबदला आहे. म्हणजे येथेही दान व कर यांमधील रेषा पुसट आहे.

याच्या तुलनेत पट्ट्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील प्रयोग अभ्यासनीय ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) यांनी १९७० नंतरच्या दशकात तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शहरातील रुग्णालयाने खेड्यात शाखा काढावी, एवढाच त्याचा आशय नव्हता. गावातीलच व्यक्तींना, त्यांतही स्त्रियांना, प्राथमिक उपचार, गरोदरपणातील काळजी व कुटुंबनियोजन यांचे प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम त्यांच्या हाती सोपविण्यात आले. कोयाजी यांना १९९३ मध्ये रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला. हा प्रकल्प कोणा एका कारखान्याच्या निधीवर अवलंबून नव्हता. पुढे २००२ पासून वढूच्या परिसरातील २२ गावांत घरोघरच्या जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवली जाऊ लागली व या नोंदींच्या आधारे लशींच्या चाचण्याही तेथे झाल्या. भारतीय बनावटीच्या रोटाव्हायरस लशीच्या मोठ्या चाचणीचे पुणे येथील केंद्र वढूशी निगडित होते. लस-उत्पादक कंपन्यांना अशा नोंदींचे मोल फार असते. गावकऱ्यांनी पिढीभर दिलेल्या माहितीमुळेच हे काम शक्य झाले, आणि उद्योग व समाज यांच्या व्यवहारात देणारा नेहमी उद्योगच असतो, या समजुतीला येथे छेद जातो.

इतर विकसनशील देशांतील अनुभवही याच प्रकारचा आहे. अमेरिकेतील मर्क कंपनीने नदी-अंधत्वावरील आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तितके व लागेल तितका काळ विनामूल्य देण्याची घोषणा १९८७ मध्ये केली; स्मिथक्लाइन बीचम कंपनीने १९९८ मध्ये हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी अल्बेंडाझोल देण्याचे मान्य केले; नोव्हार्टिस कंपनी २००० पासून कुष्ठरोगावरील औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत पुरवीत आली आहे. आफ्रिकेतील गोळ्यांचे वाटप मुख्यतः गावागावांतील स्वयंसेवकांनी केले, आणि त्यांच्या श्रमाची किंमत कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने (स्थापना १९६६) मेंदुज्वराविरुद्ध तयार केलेली लस २०१० मध्ये बुर्किना फासो व शेजारच्या देशांत वापरली जाऊ लागली. तीत कंपनीने दान न करता अर्ध्या डॉलरहूनही कमी किमतीत लस विकण्याचे मान्य केले होते आणि संशोधनाचा बराचसा खर्च बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाने केला होता. स्वस्त किमतीचा करार हा देणगीपेक्षा अधिक टिकाऊ ठरतो, असे यावरून अनेकांचे मत बनले.

भारतात २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ अन्वये या प्रथेस कायद्याचे रूप मिळाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी वा निव्वळ नफा ५ कोटी रु. किंवा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, अशी तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. आरोग्य, स्वच्छता व कुपोषणनिवारण हे विषय अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत प्रथम क्रमांकावर आहेत. केवळ कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. फाटकाच्या आतील मनुष्य व बाहेरील मनुष्य यांतील भेद कायद्याने अशा रीतीने नोंदविला आणि प्रथमच बाहेरच्याच्या बाजूने झुकते माप टाकले. मात्र कंपनीने आपल्या स्थानिक क्षेत्रास प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. परिणामी कारखाने जेथे दाट, तेथे निधी दाट. देशात या निधीचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रास मिळतो. परंतु त्यातील पुष्कळसा मुंबई, ठाणे व पुणे या जिल्ह्यांभोवती राहतो आणि गडचिरोली किंवा नंदुरबार येथे तो विरळ होतो. देशातील एकूण खर्च पहिल्या वर्षी (२०१४-१५) सु. १०,००० कोटी रु. होता, तो २०२०-२१ मध्ये सु. २६,००० कोटींवर गेला. सुरुवातीस खर्च न केल्यास कारण नमूद करणे पुरे होते. जानेवारी २०२१ पासून न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात वा शासनाच्या निधीत जमा करणे बंधनकारक झाले. दानाचे करात रूपांतर होण्याच्या वाटेवरील हा टप्पा होय.

कोव्हिड-१९ च्या साथीत या व्यवस्थेची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये टाटा न्यास व टाटा सन्स यांनी मिळून १,५०० कोटी रु. व बजाज समूहाने १०० कोटी रु. जाहीर केले. केंद्र शासनाने साथीवरील खर्च सामाजिक दायित्वात धरण्यास मान्यता दिली. पंतप्रधानांच्या नावाच्या निधीस दिलेली रक्कम त्यात धरली जाई, मुख्यमंत्री साहाय्यता निधीस दिलेली धरली जात नसे. यावर राज्यांनी आक्षेप घेतला व तो रास्त होता, कारण रुग्णालये चालविण्याचा भार राज्ये व महापालिकांवरच होता. पिंपरी-चिंचवडमध्ये वाहन-उद्योगासाठी उभारलेल्या ऑटो क्लस्टर या संस्थेच्या इमारतीत कोव्हिड रुग्णालय भरले, तर नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर तात्पुरते विशाल रुग्णालय उभारण्यात आले. याच काळात टाळेबंदीमुळे भाड्याच्या खोल्या सोडून हजारो कामगार आपापल्या गावी परतले.

क्षयरोगाच्या बाबतीत हा सर्व इतिहास एकत्र आलेला दिसतो. सांगवी फाट्याजवळील औंधचे शासकीय उरो रुग्णालय पिंपळे गुरवपासून जवळ आहे. क्षयाच्या रुग्णाने दीर्घकाळ आरोग्यधामात राहावे, ही समजूत मद्रास येथील अभ्यासाने १९५९ मध्ये मोडीत निघाली. औषधे नियमित घेतल्यास घरी राहणारा रुग्णही तितकाच बरा होतो, असे त्यात आढळले. तेव्हापासून उपचार घरात आला आणि घर कसे आहे, हा प्रश्न वैद्यकाचा झाला. कोंदट खोली, दाटी व अपुरे अन्न असलेल्या कुटुंबात औषध विनामूल्य असूनही रोग पसरतो. झारखंडमधील एका मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०२३) रुग्णाच्या घरातील माणसांना पूरक शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ योजनेत कंपन्या, संस्था वा व्यक्ती रुग्णास किमान सहा महिने कोरडा शिधा पुरवितात; डाळ, कडधान्य, तेल, दूधभुकटी अशा वस्तू त्यात असतात. शासनातर्फे एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रु. जमा होत, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रु. झाली. शिध्याची पिशवी कंपनीच्या निधीतून येते. रुग्णाची नोंद, त्याच्या गोळ्यांचा हिशोब आणि खोली बदलून तो कोठे गेला याचा तपास ही कामे महापालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे व आशा स्वयंसेविकांकडे असतात.